ओल्या मातीतही मान टाकणारे झाड: कुंडीतल्या पाण्याचा बिघाड क्रमाने कसा शोधावा

घरात वाढवलेल्या झाडांच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी पाणी असते. परंतु ते कमी पडले असेलच असे नाही. एकच झाड तीच लक्षणे घेऊन पुन्हा पुन्हा आजारी पडते, दर वेळी त्याला आणखी एक झारीभर पाणी मिळते आणि दर वेळी ते थोडे अधिक खालावते. हा बिघाड मी इतक्या वेळा निस्तरला आहे की आता माझ्या तपासण्यांचा क्रम ठरून गेला आहे. आधी फुकटच्या आणि झाडाला धक्का न लावणाऱ्या तपासण्या, आणि कुंडीतून झाड बाहेर काढणे अगदी शेवटी, असा तो क्रम आहे.

लक्षणे

लक्षणे पाहताना पान हातात धरावे. लांबून नजर टाकून काहीच कळत नाही. जास्त पाण्याने आजारी पडलेल्या झाडाची खालची पाने आधी पिवळी पडतात, बोटांना मऊ आणि लिबलिबीत लागतात व हलका धक्का लागताच देठासह गळून पडतात. काही झाडांच्या पानांच्या मागच्या बाजूस पाण्याचे बारीक फोड किंवा ते सुकल्यावर उरलेले खरबरीत तपकिरी ठिपके दिसतात. मातीवर हिरवट शेवाळ किंवा पांढरी लवदार बुरशी येते, कुंडी हलवली की बारीक काळी चिलटे उडतात, आणि नाक जवळ नेल्यास ओल्या मातीच्या वासाऐवजी आंबूस, कुबट वास येतो. बुंध्याजवळचे खोड अंगठ्याखाली दबू लागले असेल, तर बिघाड बराच पुढे गेला आहे असे समजावे.

पाणी कमी पडलेल्या झाडाची पाने निस्तेज होतात, कडेने तपकिरी पडतात आणि चुरगळली तर कागदासारखी कुरकुरतात. जाड, रसाळ पानांवर सुरकुत्या पडतात. माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि तेथे नख आत जाईल एवढी फट दिसते.

तिसरा प्रकार पाण्याच्या मापाचा नसून पाण्याच्या गुणाचा असतो: सगळे पान हिरवेगार, पण टोक तेवढे तपकिरी आणि त्या तपकिरी भागाला पिवळी बारीक किनार, सोबत मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरट, खरखरीत थर.

दोन गोष्टी मात्र बिघाडात धरू नयेत. झाड तजेलदार असताना महिन्या-दोन महिन्यांनी अगदी तळचे एखादे पान पिवळे पडून गळणे हे पानाचे वय झाल्याचे लक्षण आहे. तसेच कडक उन्हाच्या वेळी ओलसर मातीतल्या झाडाने पाने खाली टाकली आणि संध्याकाळी ती आपसूक सावरली, तर पानांतून उडणारे पाणी तेवढ्या वेळापुरते मुळांच्या आवाक्याबाहेर गेले होते, एवढेच समजावे. अशा वेळी पाणी घालण्याची घाई नडते.

कोमेजणे हे फसवे लक्षण का आहे

झाड कोमेजते तेव्हा पानांपर्यंत पाणी पोहोचत नसते, एवढे निश्चित. ते न पोहोचण्याचे कारण मात्र दोन टोकांचे असू शकते: मातीत पाणीच नाही, किंवा मातीत पाणी भरपूर आहे पण ते उचलणारी मुळे निकामी झाली आहेत. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या कणांमधील पोकळ्यांतल्या हवेतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या तर प्राणवायू मुळांपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून तो सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. गुदमरलेली मुळे पाणी उचलणे थांबवतात, पाने मान टाकतात, आणि आपण पुन्हा झारी उचलतो. याच साचलेल्या पाण्यात पिथियम आणि फायटोप्थोरा यांसारखे रोगजंतू वाढतात. त्यांचे बीजाणू पाण्यातून पोहत मुळांपर्यंत जातात आणि मूळकूज सुरू होते.

शेतकरी ज्या अवस्थेला वाफसा म्हणतात, म्हणजे माती ओलसर आहे पण तिच्यात हवाही खेळते आहे, तीच अवस्था कुंडीतही यावी लागते. पुढची प्रत्येक तपासणी अखेरीस याच एका प्रश्नाचे उत्तर शोधते: या कुंडीत वाफसा येतो का, आणि येत नसेल तर वाट कुठे अडली आहे.

पहिली तपासणी: बोट

तर्जनी दोन पेरे, म्हणजे सुमारे ५ सेंटीमीटर, मातीत खुपसावी. पृष्ठभागावरून अंदाज बांधू नये, कारण वरचा थर हवेमुळे एका दिवसात फिकट आणि कोरडा दिसू लागतो, तर खालची माती आठवडाभर चिंब राहू शकते. बोटाला गारवा लागला आणि मातीचे कण चिकटून आले, तर बहुतेक झाडांना त्या दिवशी पाण्याची गरज नसते.

कुंडी खोल असेल तर बोट पुरत नाही. तेथे मी रंग न दिलेली लाकडी काडी वापरतो: कुंडीच्या काठाजवळून ती हळूहळू तळापर्यंत सरकवावी, 10 मिनिटे तशीच ठेवावी आणि मग बाहेर काढून पाहावी. ओलावा असलेल्या भागापुरती काडी गडद झालेली असते. वरचा निम्मा भाग कोरडा आणि तळाचा निम्मा काळपट, असे चित्र फार वेळा दिसते. तळाचे टोक हुंगूनही पाहावे. कुबट वास येत असेल तर थेट तिसऱ्या आणि आठव्या तपासणीकडे वळावे.

किती कोरडे झाल्यावर पाणी द्यावे, हे झाडावर अवलंबून आहे. नेचे आणि कॅलेथिया यांना मातीचा अगदी वरचा थर सुकू लागताच पाणी लागते. मनी प्लांट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन यांच्या बाबतीत वरची ३ ते ५ सेंटीमीटर माती कोरडी होऊ द्यावी. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट आणि निवडुंगवर्गीय झाडे पानांत, खोडात किंवा जमिनीखालच्या गड्ड्यांत पाणी साठवून ठेवतात, त्यामुळे त्यांची माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय झारी जवळ नेऊ नये. पीस लिली मात्र तहान लागली की सगळी पाने एकदम खाली टाकते आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत उभी राहते. तिच्यावर विसंबून पाणी देता येते, परंतु दर वेळी तिला लोळू देणे तिच्या पानांच्या कडांना मानवत नाही.

ओलावा मोजणाऱ्या स्वस्त सळईच्या यंत्राबद्दल मला नेहमी विचारले जाते. ती यंत्रे प्रत्यक्षात मातीची वीजवाहकता पाहतात. त्यामुळे मातीत क्षार जास्त असले तर ती ओलावा वाढवून दाखवतात, आणि भरड, भुसभुशीत मिश्रणात सळईला मातीचा नीट स्पर्श न झाल्याने ओल्या कुंडीलाही कोरडी ठरवतात. बोट त्यापेक्षा विश्वासार्ह आहे.

दुसरी तपासणी: वजन

उचलता येईल अशी कुंडी असेल तर तिचे वजन हे सर्वांत प्रामाणिक मापन आहे, कारण एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते आणि ते कुठे लपत नाही. पाणी पूर्ण निथळल्यावर कुंडी एकदा उचलून पाहावी आणि पाणी देण्याची वेळ आल्यावर पुन्हा उचलावी. तीन-चार वेळा असे केले की हाताला अंदाज बसतो. ज्यांचा हातावर विश्वास नसेल त्यांनी घरातला काटा वापरावा आणि दोन्ही आकडे कुंडीच्या तळाशी लिहून ठेवावेत.

वजन दोन गोष्टी सांगते. आठ दिवस उलटले तरी ते उतरत नसेल, तर झाड पाणी पीत नाही: मुळे निकामी आहेत, उजेड अपुरा आहे किंवा निचरा अडला आहे. उलट, पाणी घालूनही वजन वाढत नसेल, तर ते पाणी मातीत मुरलेलेच नाही. या दुसऱ्या शक्यतेकडे चौथ्या तपासणीत येऊ.

तिसरी तपासणी: बशी आणि बाहेरची कुंडी

कुंडीखालच्या बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून द्यावे, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. फसगत होते ती शोभेच्या बाहेरच्या कुंडीत. तिला भोक नसते, आतली प्लास्टिकची कुंडी तिच्यात चपखल बसते, आणि दोन्हींच्या मध्ये काय चालले आहे ते वरून दिसत नाही. माझ्याकडे एकदा अशीच एक पीस लिली आली. वरची माती कोरडी होती, पाने पिवळी आणि लोळलेली होती, आणि घरमालकाने मोठ्या काळजीने रोज पेलाभर पाणी घातले होते. आतली कुंडी उचलली तेव्हा सक्कन आवाज होऊन ती सुटली. बाहेरच्या कुंडीत चार बोटे काळसर पाणी उभे होते आणि त्यावर तेलासारखा तवंग होता. आतल्या कुंडीच्या भोकांतून बाहेर आलेली मुळे कातळावरच्या शेवाळासारखी बुळबुळीत झाली होती. त्या झाडावर औषध म्हणून काही करावे लागले नाही. पाणी ओतून दिले, कुजलेली मुळे कापली आणि आतल्या कुंडीखाली दोन बोटे उंचीचा आधार ठेवला. नवे पान यायला पाच आठवडे लागले.

बाहेरची कुंडी ठेवायचीच असेल, तर पाणी देताना आतली कुंडी बाहेर काढून न्हाणीघरात किंवा मोरीवर ठेवावी, निथळू द्यावी आणि मग परत जागेवर न्यावी. हा व्याप वाटतो, पण मूळकूज निस्तरण्याच्या तुलनेत काहीच नाही.

चौथी तपासणी: पाणी कसे घातले जाते

येथे दोन परस्परविरोधी चुका आढळतात. एक म्हणजे रोज थोडेथोडे पाणी शिंपणे. असे पाणी वरच्या ३-४ सेंटीमीटरमध्येच अडकते, तळाची मुळे कोरडी राहतात, आणि सतत ओल्या पृष्ठभागावर चिलटे व शेवाळ यांची चंगळ होते. म्हणजे एकाच कुंडीत वर अतिवृष्टी आणि खाली अवर्षण. पाणी द्यायचे तेव्हा संपूर्ण माती भिजेल आणि घातलेल्या पाण्यापैकी सुमारे १० ते २० टक्के भोकातून बाहेर पडेल इतके द्यावे, आणि त्यानंतर पहिल्या तपासणीने कौल दिल्याशिवाय कुंडीला हात लावू नये. पानांवर फवारलेले पाणी या हिशेबात धरू नये. त्याने पानांभोवतीची आर्द्रता काही मिनिटांपुरती वाढते, मुळांना काही मिळत नाही.

दुसरी चूक समजायला कठीण आहे, कारण तिच्यात माणूस सगळे बरोबर करत असतो. पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असलेले मिश्रण पूर्ण वाळले की पाणी झिडकारू लागते. पीटमध्ये हा दोष अधिक असतो. घातलेले पाणी सुटलेल्या मातीच्या आणि कुंडीच्या मधल्या फटीतून सरळ खाली उतरते, बशी भरते, आणि पाहणाऱ्याला वाटते की कुंडी तुडुंब भिजली. टांगलेल्या कुंडीतला एक मनी प्लांट मी असा तपासला होता. एक लिटर पाणी घातल्यावर कुंडीचे वजन जेमतेम १५० ग्रॅमने वाढले, बाकीचे सारे पाणी काही क्षणांत खालच्या बादलीत उतरले. मातीचा गोळा मधोमध उकरला तेव्हा आत भुकटीसारखी कोरडी धूळ निघाली.

यावर उपाय सोपा आहे. बादलीत किंवा टबमध्ये कुंडीच्या अर्ध्या उंचीपर्यंत कोमट पाणी घेऊन कुंडी त्यात अर्धा ते पाऊण तास ठेवावी. पाणी तळाच्या भोकांतून हळूहळू वर चढते आणि वरची माती गडद दिसू लागली की कुंडी बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी. हलकी कुंडी पाण्यावर तरंगत असेल, तर माती खरोखरच ठणठणीत कोरडी होती याचा तो पुरावा आहे. अशा वेळी ती हाताने थोडा वेळ दाबून धरावी.

पाचवी तपासणी: उजेड, ऋतू आणि घरातली माणसे

झाड पाणी पिते ते मुख्यतः पानांतून वाफ करून सोडण्यासाठी, आणि तो वेग उजेड, उष्णता, वारा व हवेचा कोरडेपणा यांवर ठरतो. खिडकीजवळचे झाड उचलून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात नेले, की त्याची पाण्याची गरज निम्म्याहूनही खाली येऊ शकते, पण आपले वेळापत्रक मात्र तेच राहते. थंडीत दिवस लहान होतात, वाढ मंदावते आणि हीच गोष्ट पुन्हा घडते. म्हणून ‘आठवड्यातून दोनदा’ हे उत्तर मी कोणालाच देत नाही. वार ठरवायचाच असेल तर तो तपासणीचा ठरवावा, पाण्याचा नव्हे.

वातानुकूलन यंत्राच्या झोतात किंवा पंख्याखाली ठेवलेल्या झाडाची पाने वाळतात आणि माती मात्र ओली राहते. ही जोडी दिसली तर आधी झाडाची जागा बदलून पाहावी.

आणखी एक कारण मी विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही: घरातली किती माणसे पाणी घालतात? एका घरात तिघांपैकी प्रत्येकजण इतरांच्या नकळत त्याच झेडझेड प्लांटची काळजी घेत होता. कुंडीवर कागदाची पट्टी चिकटवून पाणी घातल्याची तारीख लिहायला लावली, आणि बिघाड संपला.

सहावी तपासणी: पाण्याचा गुण

केवळ पानांची टोके जळत असतील आणि मातीवर पांढरा थर असेल, तर क्षार साठले आहेत. पाण्यातले आणि खतातले क्षार मुळे पूर्णपणे उचलत नाहीत. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात, आणि त्यांचे प्रमाण वाढले की ओल्या मातीतूनही मुळांना पाणी ओढणे जड जाते. वरचा १-२ सेंटीमीटरचा थर खरवडून काढावा आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट ते तिप्पट साधे पाणी हळूहळू ओतून निथळू द्यावे, म्हणजे २ लिटरच्या कुंडीला ४ ते ६ लिटर. हे मात्र निचरा चांगला असलेल्या कुंडीतच करावे, अन्यथा एक बिघाड दूर करताना दुसरा ओढवून घेतला जाईल.

पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने त्यातील मुक्त क्लोरीन बऱ्याच प्रमाणात निघून जातो, परंतु क्लोरामाइन, फ्लोराइड आणि क्षार तसेच राहतात. स्पायडर प्लांट आणि ड्रॅसिना यांना फ्लोराइड सोसत नाही. त्यांची टोके वारंवार जळत असतील तर पावसाचे साठवलेले किंवा क्षार काढून टाकलेले पाणी देऊन पाहावे. मीठ वापरून मृदू केलेले पाणी कोणत्याच कुंडीत घालू नये, कारण त्यातला सोडियम मातीत साठत जातो.

सातवी तपासणी: चिलटे

मातीभोवती घोटाळणारी काळी चिलटे हा स्वतंत्र आजार नसून सतत ओल्या राहणाऱ्या वरच्या थराची खूण आहे. त्यांच्या अळ्या वरच्या २-३ सेंटीमीटर मातीत बुरशी आणि कुजका पाला खातात, आणि रोपे कोवळी असतील तर बारीक मुळेही कुरतडतात. तो थर दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण सुकू द्यावा आणि उडणाऱ्या चिलटांसाठी पिवळे चिकट कागद लावावेत. अंड्यापासून चिलटापर्यंतचे चक्र साधारण तीन-चार आठवड्यांचे असते, त्यामुळे तेवढा काळ चिकाटी ठेवावी लागते.

आठवी तपासणी: कुंडीच्या आत

इथवर कारण सापडले नसेल, किंवा काडीच्या टोकाला कुबट वास आला असेल, तरच झाड कुंडीतून काढावे. उगीच उत्सुकता म्हणून काढू नये, कारण दर वेळी काही पांढऱ्या मुळ्या तुटतात आणि पाणी उचलण्याचे खरे काम त्याच करत असतात.

काढण्यापूर्वी कुंडी उलटी करून भोके पाहावीत. ती मुळांनी किंवा चिकणमातीने बुजलेली असतात, आणि प्लास्टिकच्या काही कुंड्यांत ती पाडलेलीच नसतात, नुसते गोल ठसे असतात. मग बुंधा दोन बोटांत धरून कुंडी तिरपी करावी, बाजूंवर थोपटावे आणि मातीचा गोळा घसरू द्यावा. खोड धरून ओढू नये.

निरोगी मूळ टणक असते. कुजलेले मूळ चिमटीत धरून हलके ओढले की बाहेरची साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. ही एक खूण पाहिली की चूक होत नाही. नुसत्या रंगावर जाऊ नये: जुनी मुळे तपकिरी असूनही टणक असतात, आणि ड्रॅसिनाची मुळे तर निरोगी असतानाच नारिंगी असतात. ती कुजली आहेत असे समजून एका ड्रॅसिनाची जवळजवळ सगळी मुळे मी सुरुवातीच्या काळात कापून टाकली होती, आणि ते झाड काही वाचले नाही.

कुजलेली मुळे ७० टक्के अल्कोहोलने पुसलेल्या कात्रीने निरोगी भागापर्यंत कापावीत. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या गोळ्याच्या मधोमध कधी कधी जाळीचे किंवा कापडाचे लहान वेष्टन सापडते. त्यातली घट्ट भरलेली माती बाहेरच्या मातीपेक्षा वेगळ्या गतीने सुकते, म्हणून मुळांना इजा न करता निघण्यासारखे असेल तर ते काढावे.

नवी कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची निवडावी. मुळे बरीच कापली असतील तर आधीच्यापेक्षा लहान, आणि निरोगी झाड मोठ्या कुंडीत न्यायचे असेल तर २.५ ते ५ सेंटीमीटर अधिक व्यासाची. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढेल ही समजूत महागात पडते, कारण मुळे न पोहोचलेल्या मातीतले पाणी कोणी पीत नाही आणि ते साचून राहते.

तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालण्याची सवय फार जुनी आहे आणि ती सोडायला लोक तयार होत नाहीत. त्यांच्यासाठी मी एक ओला स्पंज दाखवतो. पाण्यात बुडवलेला स्पंज आडवा धरला, तर थोडे पाणी गळून थांबते. तोच स्पंज उभा केला, की आणखी पाणी गळू लागते. पाणी मातीच्या कणांना धरून तळाशी ठरावीक उंचीपर्यंत साचून राहते. ती उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. खडी घातली की मातीचा स्तंभ आखूड होतो आणि तोच चिंब पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा पुरेसा आहे. निचरा सुधारायचा असेल तर संपूर्ण मिश्रणातच पर्लाईट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे), भरड वाळू किंवा सालींचे तुकडे मिसळावेत. अति पाणी घालण्याची सवय मोडत नसेल, तर मातीची भाजलेली कुंडी घ्यावी. तिच्या भिंतींतूनही ओलावा बाहेर पडतो.

कुंडी बदललेल्या झाडाला एकदा पाणी देऊन ते उजेडात, पण थेट उन्हापासून दूर ठेवावे आणि नवी पालवी फुटेपर्यंत खत देऊ नये, कारण जखमी मुळांना खतातले क्षार सोसत नाहीत. पिवळी पडलेली पाने पुन्हा हिरवी होणार नाहीत. सुधारणा नव्या पानांत शोधावी.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

बुंधा सर्व बाजूंनी मऊ झाला असेल तर त्या मुळांवर आणखी मेहनत करू नये. वरचा टणक, निरोगी भाग कापून त्याची कलमे लावावीत. मनी प्लांटची पेर असलेली फांदी पाण्यात ठेवल्यास साधारण दोन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. कापलेल्या जागी आत तपकिरी वर्तुळ किंवा काळी रेघ दिसली, तर ती संपेपर्यंत आणखी वर कापावे.

मुळे साफ करून माती बदलल्यानंतरही तीन-चार आठवडे झाड खालावतच असेल, किंवा तीच लक्षणे शेजारच्या कुंड्यांत पसरू लागली असतील, तर स्वतःचे प्रयोग थांबवून वनस्पतिरोगतज्ज्ञाकडे किंवा कृषी विद्यापीठाच्या रोगनिदान केंद्राकडे जावे. हाताशी आलेले कोणतेही बुरशीनाशक ओतू नये. पिथियम आणि फायटोप्थोरा हे खऱ्या बुरशींच्या गटात मोडत नाहीत, त्यामुळे बुरशीवर चालणारी अनेक औषधे त्यांच्यावर चालत नाहीत, आणि बंद खोलीत ती वापरण्यात माणसांना धोका असतो.

एकट्याने उचलता येणार नाही अशी मोठी कुंडी कधीही तिरपी करू नये. तेथे अनुभवी माळ्याला दोन माणसांसह बोलवावे. भिंतीत किंवा फरशीत बांधलेल्या वाफ्याचे पाणी बाहेर पडत नसेल आणि शेजारच्या भिंतीला किंवा खालच्या छताला ओल येत असेल, तर तो प्रश्न झाडाचा उरलेला नाही. पाणी देणे बंद करून नळकाम करणाऱ्याला दाखवावे. कुंडीचे पाणी विजेच्या जोडणीपर्यंत पोहोचले असेल, तर त्याला हात न लावता मुख्य बटण बंद करावे आणि वीजतंत्रीला बोलवावे.

डायफेनबाखिया, मनी प्लांट, मॉन्स्टेरा आणि पीस लिली यांच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात, म्हणून मुळे किंवा फांद्या कापताना हातमोजे घालावेत. लहान मुलाने पान चावले आणि तोंड सुजू लागले, तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. पाळीव प्राण्याच्या बाबतीत पशुवैद्याकडे.

तज्ज्ञाकडे जाताना नुसते पिवळे पान नेऊन भागत नाही. बारीक मुळांसह मूठभर माती पिशवीत बांधून न्यावी, बुंध्याचे आणि कुंडीच्या तळाचे छायाचित्र सोबत ठेवावे, आणि शेवटच्या तीन-चार पाण्यांच्या तारखा सांगाव्यात. कुंडीतून काढलेली उरलेली माती दुसऱ्या कोणत्याही कुंडीत टाकू नये, आणि ती कुंडी पुन्हा वापरायची असेल तर घासून, धुऊन उन्हात पूर्ण वाळवल्यावरच वापरावी.